निभाव नावाची पोरं

नावाला नावं ठेवायची लोकांना भारी हौस. निभाव शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी हजेरी घेताना चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय रे, हे नाव आहे की घरच्यांची काळजी?" सगळा वर्ग खो खो हसला. निभावही हसला, कारण न हसून जातो कुठे! पुढे नोकरी मागायला गेला तर साहेब म्हणाले, "आडनाव कळलं, आता नाव सांगा." लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, पाळण्यातलं राहू द्या, खरं नाव काय तुमचं?" आता बोला! सगळ्या गावात त्या नावाचा दुसरा माणूस नव्हता. त्यामुळे "कुठला निभाव?" असं मात्र त्याला कधी कुणी विचारलं नाही.

नाव आईनं ठेवलेलं. निभाव लागणं म्हणजे तग धरणं, तरून जाणं. हा जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता. बघायला आलेल्या बायका जाता जाता दारात कुजबुजल्या, "याचा काही निभाव लागायचा नाही." आईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिनं ते ऐकलं आणि नावच ते ठेवून टाकलं. म्हणा म्हणावं आता दिवसभर!

लोकांना सांगायची हकीकत इथं संपते. पण खरी गोष्ट एक पाऊल मागे सुरू होते, आणि ती निभाव कुणाला सांगत नसे. त्या बायका बोलल्या ते त्याच्याबद्दल नव्हतंच. त्याच्या आधी एक भाऊ झाला होता, तो ओंजळीएवढा. नाव त्याला ठेवलेलं. तो आठवडाभरही राहिला नाही. वर्षभरानं हा आला, तोही तसाच मूठभर, आणि आईनं तेच नाव त्याला दिलं. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला येतो तसं नाव आलं. मिसरूड फुटल्यावर मावशीच्या तोंडून हे कळलं आणि निभावच्या मनात जे बसलं ते बसलंच. आपलं नाव एकदा हरलेलं आहे, असं त्याला वाटायचं.

आणि नशिबाची गंमत बघा, नोकरी लागली ती बाळंतपणाच्या दवाखान्यात. वॉर्डबॉय. आता पन्नाशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी बॉयच! अपुऱ्या दिवसांची मुलं ठेवायची एक खोली आहे तिथं. आत काचेच्या पेट्या, पेट्यांत ऊब, आणि त्या उबेत चिमण्या जिवांची आपली आपली लढाई. त्या खोलीचे कपडे निभावकडे. जुन्या चादरी धुऊन धुऊन मऊ झाल्या की तो त्या फाडतो, हातरुमालाएवढे तुकडे करतो, काठ दुमडून शिवतो. नव्या कापडाची खळ त्या कातडीला टोचते, म्हणून जुनीच चादर हवी. शिवलेले तुकडे उकळायचे, वाळवायचे आणि आत द्यायच्या आधी गरम करायचे. गरम किती, ते तो गालाला लावून बघतो. मोठी सिस्टर त्याला म्हणते, "थर्मामीटर दिलाय ना रे बाबा तुला?" हा म्हणतो, "दिलाय की. तोही लावतो. पण थर्मामीटरला गाल कुठंय?"

मोठी सिस्टर म्हणजे वॉर्डाची मालकीणच समजा. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा रखवालदार ताठ उभा राहतो. दिवसभर तिच्या तोंडी एकच नाव. "निभाव, कापडं!" "निभाव, बादली!" "निभाव, मेलास का कुठं?" आणि सगळी भानगड सुरू झाली ती या आवाजामुळे.

त्या खोलीत मुलांना नावं नसतात. पेटीवर आईचं नाव आणि पुढे 'बाळ' एवढंच. बाळ घरी जाईपर्यंत कुणी नाव काढत नाही. भीती हो, दुसरं काय! नाव ठेवलं की जीव जडतो. तर एकदा एक बाळ डोळेच उघडत नव्हतं, आणि सिस्टर ओरडली, "निभाव!" तसे त्यानं टकाटका डोळे उघडले. त्याची आई वेडीच झाली आनंदानं. बाळ पुढे सुधारलं, आणि घरी जाताना तिनं निभावला गाठून विचारलं, "दादा, तुमचं नाव घेऊ का याला?" निभाव लाजून चूर. म्हणाला, "घ्या की. माझं काय जातंय?"

झालं! एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. 'त्या नावाची सगळी पोरं वाचतात' असा बोलबाला झाला. एक बाप तर मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "युनिक आहे हो, कुठंच सापडत नाही!" जन्मभर ज्या नावाला लोक हसले ते असं एकदम फॅशनमध्ये आलं. लस टोचायच्या दिवशी दारात "निभाव!" अशी हाक मारली की तीन आया पोरं सावरत उठायच्या आणि कोपऱ्यातून हा बादली घेऊन यायचा. बागेत कुणाची तरी आजी "निभाव, नाक पूस आधी!" म्हणून ओरडली, तर या शहाण्यानं खिशातून रुमाल काढला. बायकोला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती हसून हसून खाली बसली.

पण निभावला यातली मेख माहीत होती. पोरांना त्याचं नाव मिळायचं ते घरी जाताना. जी वाचली तीच नाव घेऊन जायची, मग सगळी वाचतात यात नवल काय? नाव कुणाला वाचवत नाही, हे त्याच्याइतकं कोण जाणणार! पण लोकांना बरं वाटतं, वाटू दे बापडं, म्हणून तो गप्प राहायचा.

मग एक पोरगी आली. असेल विशीची. नवरा लांब कामाला, बरोबर कुणी नाही. तिचं बाळ पेटीत होतं, आणि त्याचं काही खरं नव्हतं. डॉक्टर तिच्याशी फार हळू बोलत, त्यावरून सगळ्यांना कळत होतं. एका सकाळी कापडं घेऊन निभाव आत आला आणि तिनं त्याची बाही धरली. "दादा, तुमचं नाव द्या ना याला. आत्ताच द्या."

निभावच्या हातातली कापडं गार व्हायला लागली. "अगं, घरी नेताना ठेव. आत्ता कशाला घाई?"

"घरी जाईल का तो?"

"आत्ता नाव द्यायचं नाही म्हणजे नाही," असं तो तोडून बोलला आणि बाहेर आला. आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं त्यानं. तिचं तोंड एवढंसं झालेलं त्यानं बघितलं, तरी वळला नाही. हे पोर गेलं तर आपलं नाव दुसऱ्यांदा मरणार, आणि ते आपल्याच्यानं बघवणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

संध्याकाळी घरी आला. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. ऐंशी पार झाली, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण शेंग अशी सोलते की दाणा ताटाबाहेर पडत नाही. घरात त्याला नावानं हाक मारणारी ती एकटीच. बायको 'अहो' म्हणते, मुलगी 'बाबा'. आई मात्र पाणी हवं, निभाव; काही नको, निभाव; उगाच, निभाव! चहा पितापिता त्यानं सगळं सांगितलं. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"नाही म्हणालास?"

"मग काय करू आई? तुला माहीत नाही का? दादाला ठेवलंस ना तेच नाव? काय झालं?"

दादाबद्दल तो आईशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला. आईनं ताट बाजूला सारलं. आता चांगली झापणार, असं त्याला वाटलं. पण तिचा आवाज चढला नाही.

"ठेवलं रे नाव. पण हाक नाही मारली. एकदाही नाही. मला वाटायचं, हाक मारली आणि गेला तर? नुसतं बाळ, बाळ करत राहिले. आणि मग तो गेला. त्याला कुणी नावानं बोलावलंच नाही निभाव, मीसुद्धा नाही. बाकी कशाचं नाही इतकं वाईट मला त्याचं वाटतं." मग ताट पुन्हा ओढत ती म्हणाली, "म्हणून तुला सारख्या हाका मारते. आणि तू म्हणतोस, आई किती ओरडते!"

मटाराच्या शेंगा घेऊन निभावही सोलत बसला, आणि त्याचे अर्धे दाणे जमिनीवर गेले.

दुसऱ्या दिवशी तो आधी त्या पोरीकडे गेला. "ठेव नाव," म्हणाला. "पण एक सांगतो. नावानं काही होत नाही. माझ्या भावाचंही हेच होतं, तो राहिला नाही. तुला फसवणार नाही मी."

तिनं डोळे पुसले. "तो वाचावा म्हणून नाही मागितलं दादा मी. मला त्याच्याशी बोलायचंय. बाळ काय, सगळीच बाळं आहेत इथं."

"मग मार हाक."

तिनं काचेशी तोंड नेलं, पण आवाजच फुटेना. शेवटी निभाव वाकला आणि आपल्याच नावानं त्यानं दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली, जन्मात पहिल्यांदा. "ए निभाव! निभाव रे!" मागे मोठी सिस्टर उभी होती. एरवी बडबडली असती. ती नाक शिंकरत निघून गेली.

त्यानंतर त्या पेटीशी नुसत्या हाका. ती पोरगी तर उठता-बसता मारायची, सिस्टर नळी बदलताना "निभावराव, पाय हलवू नका" म्हणायची, झाडूवाल्या मावशीसुद्धा जाता-येता काचेवर वाकायच्या. खऱ्या निभावला कुणी हाक मारली की तो दोनदा विचारून घ्यायचा, "मी की तो?" असे बरेच दिवस गेले, डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून जास्त. आणि एका दुपारी तो पेटीतला निभाव गेला.

निभावनं सगळ्यात जुन्या चादरीचं सगळ्यात मऊ कापड काढलं, गरम केलं, गालाला लावून बघितलं आणि स्वतःच्या हातानं बाळाला त्यात गुंडाळून दिलं. मग कपड्यांच्या खोलीत जाऊन बसला. त्या पोरीला तोंड दाखवायचा धीर त्याला होत नव्हता. तर तीच शोधत आली. दारात उभी राहिली. बोलायला लागली तर आवाज पार घोगरा, ऐकूच येईना.

"दादा, तुमचं नाव…"

"माझं कुठलं? त्याचंच आहे ते," निभाव म्हणाला आणि त्याला हुंदका आला. "तू बस. बोलू नकोस. घसा किती बसलाय बघ तुझा."

"बसणारच," ती म्हणाली. "पोटभर हाका मारल्यात मी त्याला."