काटा थंडाच होता

देवळीतल्या आमच्या शेजारच्या काकाजींचा बिघाड होऊच द्यायचा नाही असा बाणा होता. घरावरचे कवेलू ते फुटायच्या आधी बदलत आणि जीपमधला टेम्परेचर बल्ब दर उन्हाळ्याच्या तोंडावर. इंजिनाचं पाणी किती तापलं हे समोरच्या काट्याला कळवणारा हा बोटाएवढा पितळी तुकडा.

"बिघडल्यावर त कोनीबी बदलते, भाऊ," एवढं बोलून ते पान लावायला थांबत. तेवढ्यात ऐकणाऱ्याने आपला अडाणीपणा पचवून घ्यायचा.

एका वर्षी त्यांनी काढून टाकलेला चांगला बल्ब मिस्त्रीने माझ्या जीपला बसवला.

पुढे चतुर्थीला मी केळझरच्या गणपतीला निघालो, तर वाटेत त्यांची जीप उभी, इंजिन चालूच. बॉनेटमधून वाफ येत होती आणि हे स्टिअरिंग धरून आत बसलेले.

"काकाजी, पाणी उकळून राह्यलं न," मी म्हणालो.

"काटा थंडा हाय. बल्ब नवा हाय. गाडी गरम कशी राहीन?"

शेवटी इंजिन बंद पडलं, तेव्हा इंजिनावर रुसल्यासारखे ते उतरले आणि माझ्या जीपमध्ये येऊन बसले. चढ लागला तसा माझा काटा जरा वर सरकला, सरकायला हवा तेवढाच. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा बल्ब जुना दिसते, भाऊ. बिघडाच्या आंधी बदलून घेजा."