पिवळ्या पत्रकाची दुरुस्ती

तुमच्या घरात फ्लूची लस घ्यायची की नाही, हे कोण ठरवतं? खरं सांगा. डॉक्टर ठरवतात, शेजारी ठरवतात, मोबाइलवर आलेला एखादा निरोप ठरवतो, की फार वर्षांपूर्वी कोणीतरी ठासून म्हटलेलं आणि पुढे कोणीच न तपासलेलं एखादं वाक्य?

आमच्या धरणगावच्या घरात ते एका पिवळ्या पत्रकाने ठरवलं होतं. त्यावरचं सगळ्यात मोठ्या अक्षरातलं वाक्य माझं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई बसलेली असायची. आई त्यांना अंगणातच झटकायची. उरलेल्या वेळात नाना पत्रकं काढायचे. कामाच्या तासांबद्दल, हुंड्याबद्दल, साप चावल्यावर आधी दवाखान्यात जाण्याबद्दल. इतर मुलं गोष्टी ऐकत झोपायची, मी मागण्या ऐकत झोपले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘निषेध’ हा शब्द मला ‘निसर्ग’च्या आधी येत होता.

नानांचा एक नियम होता. पत्रक वाटून झालं की आठ दिवसांनी त्याच घरांत परत जायचं. वाचलं का, काय पटलं नाही, विचारायचं. आणि आपल्या छापण्यात चूक सापडली, तर नवीन पत्रक काढून मोकळं व्हायचं नाही. ज्याच्या दारात चूक दिली, त्याच्याच दारात जाऊन ती हाताने सुधारायची. एकदा सभेचा वार चुकला होता. नाना आणि मी दोन दिवस पेन घेऊन गल्ल्या फिरलो, प्रत्येक कागदावर ‘मंगळवार’ खोडून ‘बुधवार’ लिहिलं. सभेला माणसं तशी थोडीच आली. पण जी आली, ती बुधवारी आली.

पिवळं पत्रक सुईबद्दल होतं. त्या काळी आमच्याकडे साधी सर्दी झाली तरी लोक दवाखान्यात जाऊन दंड पुढे करायचे. डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर ‘याच्या हाताला गुण नाही’ म्हणून दुसऱ्याकडे जायचे. गरज नसताना सुई, गरज नसताना सलाइन. नाना चिडायचे. त्यांनी शांत, मुद्देसूद मजकूर लिहिला आणि मथळ्याशी अडून बसले. मी शेजारी गृहपाठ करत होते. मान वर न करता मीच म्हणाले, “सर्दी-तापाची सुई म्हणजे लूट!”

नानांनी पेन खाली ठेवला. “हाच मथळा. उद्गारचिन्हासकट.”

आम्ही ते पत्रक बाजारात वाटलं, मैद्याच्या खळीने दारांमागे चिकटवलं. मी बादली धरायची, नाना कुंचला मारायचे. लोकांना ते वाक्य पाठ झालं. शाळेत मी आठवडाभर मान ताठ करून चालले.

दोन हिवाळ्यांपूर्वी नानांना फ्लू झाला. तोवर ते निवृत्त झाले होते, वय अडुसष्ट, आणि आयुष्यभर श्वासाबरोबर आत गेलेली रुई छातीत कुरकुरत होती. तिसऱ्या दिवशी त्यांना वाक्य पूर्ण करता येईना. अर्धं बोलायचे, थांबायचे, श्वास गोळा करायचे. नानांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी धुळ्यात एका ग्रंथालयात नोकरी करते. त्यांना धुळ्याला आणलं. आठ दिवस ते ऑक्सिजनवर होते.

घरी सोडताना छातीच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, “यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यायला हवी. पुढच्या वेळी फुफ्फुसं एवढी साथ देतील, याची खात्री मी देणार नाही.”

नानांनी हात जोडले. “डॉक्टर, तुम्ही तुमचं काम केलं. आम्ही आमचं पत्रक पाळतो.”

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी नानांच्याच बाजूला होते. ‘दरवर्षी’ हा शब्द मला टोचला. जे दरवर्षी घ्यावं लागतं, त्यात कोणाचा तरी धंदा असणार, हे मला शिकवावं लागलेलं नाही.

पण ते अर्धवट वाक्य कानातून जाईना. म्हणून काही महिन्यांनी मी एकटीच डॉक्टर बाईंकडे गेले, प्रश्न वहीत लिहून. त्यांनी वही पाहिली, खुर्ची पुढे ओढली.

“दरवर्षी का? लहानपणीच्या काही लसी जन्मभर पुरतात.”

“हा विषाणू रूप बदलत राहतो. लसीचा जोरही काही महिन्यांत उतरतो. म्हणून दर वर्षी नवी.”

“घेतली की फ्लू होणारच नाही?”

“असं मी कधीच म्हणणार नाही. होऊ शकतो. पण होऊन इथपर्यंत, ऑक्सिजनपर्यंत यायची शक्यता कमी होते. तुमच्या वडिलांसाठी मला तेवढंच हवंय.”

“लसीनेच फ्लू होतो, असं लोक म्हणतात.”

“या सुईत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखाददुसरा दिवस कणकण वाटेल. आधीच्या डोसने कोणाला जोराची ॲलर्जी आली असेल तर त्याने आधी सांगावं.”

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मोठ्याने वाचला. “यात तुमचा फायदा किती?”

बाई हसल्या. “वडील पुन्हा भरती झाले तर जास्त.”

अमळनेरमार्गे एस.टी.ने धरणगावला जाताना मी ते पिवळं पत्रक मनात पुन्हा वाचत होते. नानांचा मजकूर आजारी पडल्यावर विनाकारण घेतलेल्या सुईबद्दल होता. त्यातला शब्द न् शब्द आजही खरा आहे. पण माझ्या मथळ्याने आजारानंतरची सुई आणि आजाराआधीची लस एकाच गाठोड्यात बांधली होती. दहा वर्षांच्या मुलीला मथळा जोरदार हवा होता. तो जोरदार झाला होता.

नाना ओट्यावर होते. मी सगळं सांगितलं. ते उठले, आतून फाइल आणली आणि ते पत्रक माझ्या मांडीवर ठेवलं.

“वाच.”

वाचलं.

“मथळा कोणाचा?”

“माझा.”

“मग?”

“चुकला, नाना.”

“किती चुकला?”

“मजकूर बरोबर आहे. फक्त मथळा चुकला.”

“लोकांनी फक्त मथळाच वाचलाय,” नाना म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, “सभा सरनी व्हई ते जेवाले चाला.”

जेवताना नानांनी निर्णय दिला. “मी सुई घेईन. पण आधी दुरुस्ती.”

माझा आवाज चढला. थंडी तोंडावर आली होती, लसीला अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात असं बाईंनी बजावलं होतं. “तुमची छाती दुरुस्तीसाठी थांबणार आहे का?”

“नाही थांबणार. म्हणून उद्या सकाळीच निघू.”

“आधी सुई, मग दुरुस्ती. क्रम बदलला तर काय बिघडतं?”

“माझ्या पत्रकावर विसंबून या गावात किती म्हातारी माणसं सुईला नाही म्हणत बसलीत, तुला माहीत आहे?” त्यांना धाप लागली. थांबले, श्वास घेतला, आणि वाक्य पुरं केलं. “त्यांना तसंच ठेवून मी गुपचूप दंड पुढे करू?”

हा माणूस चुकीच्या कारणासाठी हट्ट करत नव्हता. मलाही त्याच घरात वाढवलंय.

सकाळी मी स्कूटर काढली. नाना मागे बसले, खिशात दोन पेन. बरीच पत्रकं आता राहिली नव्हती. भिंतींना रंग लागले, लाकडी दारं जाऊन लोखंडी आली. पण पिठाच्या गिरणीत ते अजून होतं, पीठ बसून बसून पिवळ्याचं पांढरं झालेलं. गिरणीवाले भाऊ जात्याचा पट्टा बंद करून पुढे आले. नानांनी त्यांना लसीचं आणि मथळ्याचं सगळं सांगितलं.

“नाना, वीस वरीस व्हयनात, मी हाई रोज वाचस. आते तुम्ही म्हनतस चुकनं?”

“बठ्ठं नई चुकनं, भाऊ. वरली ओळ चुकनी.”

“ते मोठली ओळच चुकनी का?” भाऊ माझ्याकडे बघून हसले. हसता हसता खोकले. पिठाचा खोकला आणि रुईचा खोकला ऐकायला सारखाच असतो. “मंग माले बी लेनी पडी का?”

“ते डाक्टरले इचार. मी काय डाक्टर शे का?”

मी मथळ्याखाली पेनने लिहिलं: ‘दुरुस्ती. ही ओळ आजारपणात विनाकारण घेतल्या जाणाऱ्या सुईबद्दल आहे. फ्लू होण्याआधी दरवर्षी घ्यायची लस वेगळी. वयस्कर, गरोदर, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.’ खाली सही नानांनी केली. मग पेन माझ्या हातात दिला. “तूही कर. मथळा तुझा आहे.”

समोरच्या अक्कांकडे ते दारामागे होतं, वर देवाचं कॅलेंडर लटकवलेलं. अक्कांना वाचता येत नाही. त्यांनी मला दुरुस्ती दोनदा वाचायला लावली आणि मग माझ्या बडबडीवर बोट ठेवत नानांना म्हणाल्या, “इनं तोंड तवय बी भू चाले, आते बी भू चालस.” नाना इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. अक्कांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, “नाना, तुम्ही कवय जातस? माले बी सांगा.”

दिवसभरात पाच घरं झाली. पाचच. नाना दमले होते, पण गाल हसण्याने वर चढलेले होते. फॅक्टरीतून सुटून आल्यावर, पत्रकाचा नवा गठ्ठा दोरीने बांधताना ते असे दिसायचे.

चौथ्या दिवशी आम्ही सहा जण दवाखान्यात बसलो होतो. नाना, आई, अक्का, गिरणीवाले भाऊ, त्यांची बायको आणि मी. भाऊंनी बाहीवरचं पीठ झटकलं तर सगळ्यांच्या अंगावर उडालं. मी तरुण, धडधाकट. मला कशाला, असं मी आधी म्हणत होते. पण धुळ्याहून दर शनिवारी एस.टी.च्या गर्दीतून नानांच्या शेजारी येऊन बसणारी मीच. नर्सने सुई टोचली. नानांनी बाही दुमडायला जेवढा वेळ लावला, तेवढाही सुईला लागला नाही.

“झालं?” नाना म्हणाले. “एवढ्याच्या विरोधात उभं केलं होतंस मला?”

दुसऱ्या दिवशी दंड दुखतो म्हणून ते सकाळपासून कण्हत होते. आई म्हणाली, “मोर्चात लाठी खाल्ली तेव्हा तर घरी गाणं म्हणत आला होतात.”

जानेवारीत नानांना सर्दी झालीच. मी शनिवारी पोहोचले तर ओट्यावरूनच ओरडले, “बघ, झाली की नाही सर्दी?”

“झाली. पण ओट्यावर झाली,” मी म्हणाले. “धुळ्याला न्यावं नाही लागलं.”

सर्दी दोन दिवसांत गेली. एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. नानांनीच ते शिकवलंय. लस घेतली नसती तरी ते कदाचित ठणठणीतच राहिले असते. मी पुराव्याबद्दल बोलत नाही. त्या शनिवारी आम्ही भरीत खाल्लं, नाना तिसऱ्या भाकरीपर्यंत न थांबता बोलत होते आणि प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत पोहोचत होतं, एवढंच सांगते.

यंदा लसीची आठवण नानांनीच केली. नवीन पत्रकही काढलंय. मजकूर मी लिहिला, मथळ्यावरून तीन आठवडे भांडण चाललं. माझं एकेक उद्गारचिन्ह त्यांनी खोडलं. शेवटी उरलं ते असं: ‘यंदाची फ्लूची लस घेतली का?’ लस सगळीकडे फुकट मिळत नाही. ती मिळायला हवी, यावर आम्ही पुढे भांडणारच आहोत. तोवर एक काम आहे, आणि ते आम्हा दोघांना एका स्कूटरवरून पुरं होणारं नाही.

ती पिवळी पत्रकं आम्ही बोदवड आणि शिंदखेड्याच्या बाजारातही वाटली होती. तुमच्या दारामागे, कोठीवर, दुकानाच्या भिंतीवर त्यातलं एखादं असेल तर फाडू नका. पेन घ्या आणि मथळ्याखाली दुरुस्ती लिहा. पत्रक नसेल, तर घरात जो माणूस सुईला ‘मला नको’ म्हणतो त्याच्याजवळ जाऊन बसा. हा ‘नको’ त्याला कोणी दिला, ते विचारा. तुम्हीच दिलेला असेल तर तसं त्याच्या तोंडावर कबूल करा. मग थंडी पडायच्या आत त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून आपलीही बाही दुमडा.