बघितलं नाही तुम्ही

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. टीबीच्या गोळ्या पेशंटनी कुणासमोर तरी घ्याव्यात, म्हणून आरोग्यसेविकेने जवळच राहणाऱ्या एका काकांच्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे ठेवलेला. सहा महिने ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर असायचे.

पेला स्वतःचा आणायचे, रुमालात गुंडाळून. गोळ्या गिळल्या की आ करून जीभ दाखवायचे. मी मशीनवरून मान वर न करता "दिसलं" म्हटलं, तर तसेच उभे.

"बघितलं नाही तुम्ही, ताई."

माझी चिडचिड व्हायची. हातातली साडी बाजूला ठेवून नीट बघितलं, की मगच तोंड मिटायचे. एकही दिवस चुकले नाहीत. आरोग्यसेविका बाकीच्या पेशंटना त्यांचंच उदाहरण द्यायची.

कोर्स संपला, रिपोर्ट चांगला आला. मी पेढा दिला. तो त्यांनी खाल्ला नाही, पेल्यात ठेवला.

"म्हणजे उद्यापासून यायचं नाही?"

"सुटलात की काका!"

पंधरा दिवसांनी पुन्हा पायरीवर. हातात पेला आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी काढलेली नव्हती.

"अहो, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितल्यात ना?"

"सांगितल्यात. पण घरी घेतली तर बघणार कोण?"

त्यांनी एक गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि आ केला.

मी साडी बाजूला ठेवली. उठून जवळ गेले, नीट बघितलं.

"गेली," मी म्हटलं. "उद्या याच वेळेला या."