माहेर की सासर, सरकार विचारतं

त्या वर्षांतलं अंधेरी आठवलं की मला दुपारच दिसते. खिडकीत वाळणारी सासूबाईंची लुगडी, त्यांतून गाळून आलेला पिवळा उजेड, आणि त्या उजेडात डोळे मिटून खुर्चीत बसलेले माझे वडील. खरं तर त्यांचं आमच्या घरी राहायला येणं शक्यच नव्हतं.

वडील गिरणीत होते तोवर कामगार विमा होता, दवाखाना होता. गिरणी सुटली तसा विमाही सुटला. दमा तेवढा राहिला. आई केव्हाच गेलेली, मी एकुलती एक. घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीत ते एकटेच धापा टाकत. विमा कंपनीत विचारलं, तर जुनं दुखणं असलेला म्हातारा त्यांना नको होता. मग विमा असतो तरी कोणासाठी, असं तिथेच विचारावंसं वाटलं.

मी केंद्र सरकारच्या कचेरीत होते. आमच्या आरोग्य योजनेत आईवडील बसत, पण नोकरी करणाऱ्या बाईला अट होती: माहेरचे किंवा सासरचे, एकच बाजू. पुढे हवं तर एकदाच बदलायचं. शिवाय ते माणूस आपल्याच घरी राहायला हवं. सासूबाईही विधवा. त्यांना रक्तदाब, आणि औषधासाठी महापालिकेच्या इस्पितळात सकाळभर रांग. त्या नियमाचा मला भयंकर राग आला. नवरा म्हणाला, तू ठरव. असं म्हणणं किती सोपं असतं.

मग कितीतरी दिवस मी टाइपरायटरच्या टकटकीत हरवून जाई. जुहूची ओली वाळू दिसे. दोन म्हातारी माणसं पाण्याकडे चाललीत आणि मी एकालाच हाक मारू शकते.

सासूबाईंनी एकदा खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: वडिलांचं नाव घाल. आता वडीलच अडून बसले. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही, आणि मला मूल नव्हतं. इतकी वर्षं ते दारात टेकून, पाणीही न पिता परत जात आले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तरी हट्ट तोच.

मग सासूबाई स्वतः तो डोंगर चढल्या. वडिलांच्या दारात बसून त्यांनी आधी आपला दम खाल्ला. वडीलही धापत होते.

"तुमी लेकीकडे नाय, माज्याकडे रवाक येतास," त्या म्हणाल्या. "जेवण माज्या घरचां, औषध सरकारचां. लेकीचां काय तेच्यात?"

वडिलांनी ट्रंक भरली.

पुढचे दिवस धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. सरकारी दवाखान्याचं औषध लागू पडलं, वडिलांना झोप येऊ लागली. सासूबाईंशी त्यांचा माशाच्या तिखल्यावरून, त्या झणझणीत कालवणावरून, रोज वाद. मी त्या काळात फार सुखी होते. मग एका थंडीत, दुपारच्या झोपेतच ते गेले.

दिवस-कार्य झाल्यावर मी योजनेचा अर्ज काढला. आता सासूबाईंचं नाव घालायचं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"इतक्यात नको गो. रवांदे तेंचां नाव थोडे दीस."

आणि पिशवी उचलून त्या इस्पितळाच्या रांगेला निघाल्या.