चालू इंजिनासमोर दाजी

माझे दाजी गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं सीट-कव्हरचं दुकान. मधे फक्त पत्र्याची भिंत. पलीकडे पाना पडला तरी मला कळतं, आणि मी शिंकलो की तिकडून "औषध घे रे" असा आवाज येतो. गिऱ्हाईक घामाघूम होऊन आलं की दाजी म्हणायचे, "बसा, आधी तुमच्यात गॅस भरू, गाडीचं मग बघू."

गेल्या वर्षी ते चालू इंजिनावर वाकलेले असताना शर्टाची बाही बेल्टमध्ये गेली आणि बाहीमागोमाग हात. इंजिन मीच धावत जाऊन बंद केलं. तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

जखम भरली, दाजी कामावर आले, त्यांच्या गमतीही परत आल्या. ताईला वाटलं, निभावलं. मला मात्र भिंतीपलीकडून वेगळंच ऐकू यायचं. इंजिन सुरू झालं की दाजींचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. चालू इंजिनाजवळ जावं लागेल असं काम आलं की "पार्टच मिळत नाही हो" म्हणून ते गाडी परत पाठवायचे. एकदा मी सहज डोकावलो, तर गाडी एकटीच धडधडत होती आणि दाजी भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पांढराफटक, दुखावलेला हात काखेत दाबलेला.

"ताईला बोलू नकोस," ते म्हणाले.

मी नाही बोललो.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी एक टॅक्सीवाल्या बाई आल्या. त्या आजारी माणसांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम करायच्या. "सकाळी एसी छान चालतो, ऊन चढलं की बंद," त्या म्हणाल्या. "काल मागच्या सीटवर एक आजोबा बेशुद्ध पडले. मी आरशात बघतेय आणि त्यांची मान कलंडलेली! दोन गॅरेजवाले म्हणाले, अख्खा कॉम्प्रेसर बदला. मला आता गाडीत कुणाला बसवायचीच भीती वाटते हो."

हे शेवटचं वाक्य दाजींना लागलं असावं. एरवी त्यांनी पार्टचं कारण सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं.

इंजिन बंद ठेवूनच त्यांनी तपासलं. गॅसचा दाब ठीक होता. बल्ब लावून पाहिला, कॉम्प्रेसरच्या क्लचपर्यंत करंट पोचत होता. मी बघत होतो म्हणून त्यांनी मला समजावलं. बेल्टवर पुली सारखी फिरत असते. तिच्यापुढे एक लोखंडी प्लेट असते. एसी लावला की आतली कॉइल लोहचुंबक बनते, प्लेटला ओढून पुलीला चिकटवते, टक्कन आवाज होतो आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरतो. मग बाईंनी सीटवर बसून इंजिन आणि एसी चालू केला, दाजी लांबूनच बघत होते. पुली फिरत होती, प्लेट मात्र ढिम्म होती.

"झिजून झिजून मधली फट वाढली असेल," दाजी म्हणाले. "कॉइल तापली की तिचा जोर कमी पडतो, मग एवढ्या लांबून प्लेट ओढली जात नाही."

"मग खात्री कशी करायची?"

दाजींनी बेल्टकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "इंजिन चालू ठेवून काठीनं प्लेटला जरासं ढकलायचं. चिकटली, तर फटच."

त्यांनी लाकडी काठी उचलली, दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. बाई ड्रायव्हरच्या सीटवरून खिडकीबाहेर डोकं काढून बघत होत्या. दाजींनी काठी माझ्या हातात दिली. "तू कर. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

खरं सांगतो, माझीही पाचावर धारण बसली होती. पण नाही म्हणायची लाज वाटली. मी वाकलो. बेल्टचा वारा तोंडावर आला. प्लेट दिसेना म्हणून आणखी वाकलो.

"मागे हो!"

पाठीमागून कॉलर धरून दाजींनी मला असं ओढलं की मी जमिनीवर आपटलो. काय झालं ते मला कळेचना. दाजींनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. गळ्यात शिवणकामाची टेप लोंबत होती. तिचं टोक अगदी बेल्टला लागेल इतक्या जवळ झुलत होतं, आणि टेपच्या आत माझी मान. मी टेप ओढून दूर फेकली.

"बाहेर जाऊन बस," दाजी म्हणाले. बाह्या त्यांनी खांद्यापर्यंत सारल्या, काठी डाव्या हातात घेतली आणि बाजूला, हातभर लांब उभे राहिले. डोळे मिटतील की काय असं वाटलं, पण मिटले नाहीत. काठी पुढे गेली, मागे आली, पुन्हा गेली. टक्! प्लेट पुलीला चिकटून गरगर फिरू लागली.

"आला, आला! गार वारा आला!" बाई आतून ओरडल्या.

"बंद करा!" दाजी त्याहून मोठ्यानं ओरडले. "आधी इंजिन बंद करा!"

पुढचं काम बंद इंजिनावरचं. मधला बोल्ट काढून त्यांनी प्लेट उतरवली. मागे पातळ चकत्या होत्या. फट कमी व्हावी म्हणून त्यातली एक काढली, प्लेट परत बसवली, फटीत पत्ती सरकवून अंतर मोजलं. नंतर बाईंनी गाडी भर उन्हात बराच वेळ चालू ठेवली. क्लच दर वेळी धरत होता. कॉम्प्रेसर बदलायची गरजच नव्हती. बाई हात जोडून गेल्या, आणि दाजी मोरीत जाऊन भडाभडा ओकले.

संध्याकाळी मी दाजींसमोरच ताईला दुपारचं सगळं सांगितलं. ती दाजींना शाबासकी देईल असं मला वाटलं होतं. ती ताडकन उभी राहिली. "अहो, कशाला गेलात पुन्हा त्या बेल्टजवळ? आणि याला पुढे केलंत? याला?"

"चुकलं," दाजी म्हणाले. "पण मला रोजच भीती वाटते गं. तुला सांगितलं नाही एवढंच. इंजिनाचा आवाज आला की वाटतं, ते मला ओळखतंय."

ताई खाली बसली. तिनं त्यांचा तो हात मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती गॅरेजात येते. चालू इंजिनाचं काम निघालं की किल्लीवर बोटं ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर बसते आणि खिडकीबाहेर डोकं काढून, पापणी न हलवता दाजींकडे बघत राहते. त्यांनी नुसती मान हलवली तरी इंजिन बंद. दाजी अजून घामाघूम होतात, ताईसुद्धा. गाड्या मात्र ते परत पाठवत नाहीत.