पाहणाऱ्याचं नाव

आमच्या गावच्या बुधवारा पेठेत उखर्डू पेंटरच्या दुकानाबाहेर एक फळा होता. रोज सकाळी सात वाजता उखर्डू तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि खडूनं गावच्या बातम्या लिहायचा. वर मराठी, खाली तेच हिंदीत. मी तेव्हा त्याच रस्त्यावरच्या 'तापीतीर' साप्ताहिकात कंपोझिटर होतो, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पानं तयार करणारा. आमचं पत्र शनिवारी निघायचं. त्यातल्या बातम्या गावानं मंगळवारीच उखर्डूच्या फळ्यावर उभ्याउभ्या वाचलेल्या असायच्या. आमच्या संपादकांना, विनायकरावांना, याचा फार राग यायचा. मला नाही यायचा. पगार काही झालं तरी तेवढाच मिळणार होता.

उखर्डू मूळचा फोपनारचा. आधीची चार भावंडं गेली म्हणून आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही तेच दिलं. माणूस काळा, लांबट, बोलायला कंजूष. शाळा चौथीपर्यंत. अक्षर मात्र असं की बी. ए. झालेल्यानं मान खाली घालावी. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. पण त्याची खरी भाकर जयकरण शेठच्या कारखान्यावर होती. तिथे कापसाच्या गाठी बांधल्या जायच्या, शिवाय सूत रंगवलं जायचं. गाठींवर मार्का उठवायचं काम उखर्डूकडे. हंगामात आठवड्यातून चार दिवस तो तिथेच असे, आणि फळा लिहूनच कामावर जाई.

फळ्याचा त्याचा एक कायदा होता. बातमी कुणीही आणावी, गाडीवानानं आणावी नाहीतर वकिलानं, पण ती डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे आणि खाली पाहणाऱ्याचं नाव पाहिजे. "फोपनारच्या रस्त्यावर केळीची गाडी उलटली. बैल वाचले. पाहणार: सुपडू गाडीवान." असं. नाव द्यायला कुणी कचरला तर उखर्डू खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मंग चहा पी आन् जाय." छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना होऊन आम्ही नागपूरचे भोपाळचे झालो, तेव्हा गावात अफवांना ऊत आला होता. मराठी शाळा बंद होणार, कारकुनांची बदली ग्वाल्हेरला होणार, काय वाट्टेल ते. आम्ही त्यातलं अर्धंअधिक छापलं. उखर्डूच्या फळ्यावर त्यातलं एक अक्षर आलं नाही, कारण ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. गाव त्या फळ्यावर विश्वास ठेवायचं ते एवढ्यासाठी.

आता या कायद्यात एक भोक होतं, आणि ते आम्हा कुणालाच दिसत नव्हतं. बातम्या आणण्यात बायका पुरुषांपेक्षा पुढे. पण बाईचं नाव भर रस्त्यावर, चार माणसं पान खात उभी असतात तिथे लिहायचं कसं? म्हणून बाईनं पाहिलेलं तिच्या नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर जायचं. सरुबाईनं साप पाहिला की खाली लिहिलेलं असायचं, "पाहणार: कडू." कडू म्हणजे तिचा मुलगा, जो त्या वेळी गाढ झोपलेला असे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्यात खोटेपणा वाटत नव्हता. उखर्डूला नाही, मला नाही, सरुबाईलाही नाही.

सत्तावन्नच्या होळीनंतर जयकरण शेठनी उखर्डूला नवा फळा दिला. सागवानी चौकट, वर पत्र्याचं छप्पर. माथ्यावर कारखान्याचं नाव मात्र ठळक यायला हवं, आणि ते उखर्डूनंच रंगवायचं. मी विचारलं, "हे कशाला रे घेतलंस?" तो म्हणाला, "जुना फुगला होता पान्यानं. खडू बसेना त्याच्यावर." खोटं कशाला सांगू, त्यानं ते नाव इतक्या हौसेनं रंगवलं की अक्षरांना सावलीसुद्धा दिली. पंधरा दिवस तो खुशीत होता. मी चिडवायचो, की आता तूही आमच्यासारखा झालास. तो हसायचा.

त्याच चैत्रात एका मंगळवारी दिवेलागणीला सिंधीपुऱ्यातली कोकिळा कळशी घेऊन त्याच्या दुकानात आली. कारखान्यामागे एक कुंडी, म्हणजे विहिरीसारखा जुना झरा आहे, तिथली अख्खी गल्ली तिचं पाणी भरायची. कळशीतलं पाणी तांबूस होतं. कारखान्यातले रंगाचे हौद मंगळवारी रिकामे करायचे आणि ते पाणी कच्च्या नालीतून कुंडीच्या कडेनं जायचं. नाली फुटली होती. गल्लीतल्या सहा-सात पोरांची पोटं बिघडलेली होती, त्यात कोकिळेची धाकटी चार दिवस निजून होती.

"लिव, दादा," ती म्हणाली. "मी सोता पाह्यलं. नाली फुटेल हाय आन् लाल पानी कुंडीत पडू राह्यलं."

"नाव कोनाचं लिवू?"

इथे अडलं. तिचा नवरा दगा त्याच कारखान्यात, त्याच रंगाच्या हौदांवर कामाला होता. त्याचं नाव फळ्यावर आलं की दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर. उखर्डूनं वर पाहिलं. माथ्यावर त्यानं स्वतःच रंगवलेलं शेठच्या कारखान्याचं नाव होतं. तो म्हणाला, "थांब. हे छापायचं काम हाय. मी विनायकरावांकडे जातो."

बुधवारी तो आमच्याकडे आला. विनायकरावांना पहिल्यांदाच उखर्डूच्या फळ्याआधी बातमी मिळाली होती. त्यांनी हात चोळले, मला म्हणाले, "यादव, पहिल्या पानावर घ्या." मी घेतली. चौदा ओळी झाल्या. शुक्रवारी दुपारी कारखान्याचे मुनीम प्रकाशबाबू आले, गोड बोलणारे, अत्तराचा फाया कानात. त्यांनी बातमीचा शब्दही काढला नाही. दर अंकाला एक पानभर जाहिरात, वर्षभर, एवढंच बोलले आणि सरबत पिऊन गेले. विनायकराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या पानावर जागा करा." मी त्या चौदा ओळी काढल्या, खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकले आणि त्या जागी जाहिरात बसवली. पक्के रंग, धुतले तरी न जाणारे. माझी बोटं चुकली नाहीत, ती कधीच चुकत नसत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मीही सिंधीपुऱ्यातच राहत होतो. त्या मंगळवारी माझ्या बायकोनं, मालतीनं, मलाही हंडा दाखवला होता. मी पाणी पाहिलं आणि म्हटलं, "गाळून घे."

शनिवारी उखर्डूनं आमचा अंक वाचला. पहिलं पान, शेवटचं पान, परत पहिलं. मग अंकाची घडी घालून खिशात ठेवली. रविवारी सकाळी त्यानं फळा पुसला आणि एकच बातमी लिहिली. नाली फुटली आहे, मंगळवारी रंगाचं पाणी कुंडीत पडतं, पोरं आजारी आहेत. खाली लिहिलं, "पाहणार: उखर्डू पेंटर."

तो काही धाडस करायला निघाला नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. बाईनं पाहिलेलं पुरुषाच्या नावावर लिहायची सवय. या वेळी नवऱ्याचं नाव चालत नव्हतं, म्हणून त्यानं आपलं घातलं. इतकं साधं.

सोमवारी मुनीमजी आले ते हजेरीचा कागद घेऊन. पन्नासेक माणसं जमली होती. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "उखर्डूभाई, आपने देखा?"

"हां."

"मंगल को?"

"हां."

"मंगल को तो आप सुबह आठ से शाम छह तक हमारे कारखाने में गाँठों पर मार्का लगा रहे थे. यह आपका अँगूठा नहीं, आपके दस्तखत हैं. तो कुंडी पर कौन था?"

उखर्डूला उत्तर देता आलं असतं. कोकिळेचं नाव सांगितलं की झालं. त्यानं सांगितलं नाही. तो फळ्याकडे बघत उभा राहिला, आणि ज्या माणसानं दहा वर्षांत एक न पाहिलेली गोष्ट लिहिली नव्हती, तो त्या पन्नास माणसांसमोर लबाड ठरला. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते एकेक करून निघून गेले. मार्क्याचं काम त्याच दिवशी गेलं. मंगळवारी त्यानं फळा लिहिला तेव्हा वाचायला कुणी थांबलं नाही. त्याच मंगळवारी कुंडीत पुन्हा लाल पाणी पडलं, आणि गावात मात्र सगळे म्हणत होते की कुंडीचं प्रकरण उखर्डूनं रचलेलं आहे. मला त्याची दया आली आणि मुनीमजींची चीड आली, पण मी दोन्ही मनातच ठेवली. मनात ठेवायला काही लागत नाही.

बुधवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे प्रेसला निघालो. फळ्यापुढे बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे कोकिळा, धाकटी कडेवर. दगा तिच्या मागे, हातात पगडी, अपराध्यासारखा.

"दादा, माहं नाव लिव," कोकिळा म्हणाली.

"दगाचं काम जाईन."

"जाऊ दे. तुह्यं तं गेलंच ना? आन् याचं नाव नको लिवू. यानं नै पाह्यलं. मी पाह्यलं." मग दगाकडे वळून, "बोल ना."

दगा म्हणाला, "लिव, भाऊ. फोपनारला केळीत काम भेटते."

उखर्डूनं फडकं भिजवलं आणि आधी फळ्याचा माथा पुसायला घेतला. तेलरंग तो, फडक्यानं कसा जाणार? मग त्यानं दुकानातून काळा डबा आणला आणि सावली दिलेल्या त्या अक्षरांवरून सरळ ब्रश फिरवला. त्याखाली लिहिलं: "रविवारी इथे माझं नाव होतं. मी पाहिलं नव्हतं. चूक माझी." मग बातमी लिहिली, जशीच्या तशी. आणि खाली, "पाहणार: कोकिळा."

बुधवाऱ्याच्या रस्त्यावर लिहिलेलं ते पहिलं बाईचं नाव. पान खाणारे पान खायचे थांबले. कोकिळेच्या मागून आशाबाई पुढे झाली, "माहं बी. मी काल पाह्यलं." मग सरुबाई. ती म्हणाली, "आन् तो साप बी मीच पाह्यला व्हता, कडूनं नै." तेवढंच काय ते हसू झालं. मग शोभा, सुलभा. एकेक बाई पुढे यायची, काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायची, नाव सांगायची, बाजूला व्हायची. एकूण एकोणीस नावं झाली. जागा पुरेना तेव्हा उखर्डूनं चौकटीवर लिहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दगाचं काम गेलं, तो फोपनारला केळीत लागला. शेठनी आपला फळा परत नेला, तेव्हा उखर्डूनं दुकानाची भिंत काळी केली आणि तिच्यावर लिहायला लागला. हजेरीचा कागद मात्र पुन्हा कुणी आणला नाही, कारण एकोणीस बायकांची हजेरी कुठल्याच कारखान्याकडे नव्हती. पंधरा दिवसांत नाली पक्की झाली आणि कुंडीपासून लांब वळवली गेली. आमच्या पत्रात यातली एक ओळ आली नाही. जाहिरात वर्षभर आली, ती मीच बसवायचो.

उखर्डू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला मला फार आवडतं, सभेला बोलावलं की जातो, बोलतो. तिथे एक गोष्ट सांगत नाही, ती इथे लिहून ठेवतो.

त्या यादीत सतरावं नाव मालतीचं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा असताना ती पुढे गेली, तिनं हंड्याचं सांगितलं, नाव सांगितलं आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. एकोणिसावं नाव लिहून झालं. उखर्डूच्या हातात खडूचा बोटभर तुकडा राहिला होता. त्यानं गर्दीत मला पाहिलं. त्या चौदा ओळी माझ्याच हातानं निघाल्या हे त्याला माहीत होतं, हंड्याचं आता कळलं होतं. तरी आवाजात राग नव्हता.

"यादव, तुह्यं लिवू का?"

मी म्हणालो, "मला प्रेसला उशीर होतोय."