गाडीला ओवाळताना

दसऱ्याला सून आमच्या जुन्या गाडीला ओवाळत होती. आत नात स्टिअरिंग धरून बसलेली. मला पेट्रोलचा वास आला. तरणी असताना स्टोव्ह भडकून माझा हात भाजला, तेव्हापासून असला वास मला आधी कळतो. मी ताटातली वात चिमटीनं विझवली.

"आत्याबाई, सणाचा दिवा विझवला!"

"आगीला सण कळत नाही, बाई. पोरीला उतरव आधी."

लेकानं गाडीखाली पेपर अंथरला. एक थेंब पडला, मग दुसरा. वर चाचपलं तर रबरी पाइप चिरलेला.

पाइप बदलला. सून म्हणाली, "आता ओवाळा तुम्हीच."

गाडीला मी नुसती फुलं वाहिली. नातीला लांब, पार तुळशीपाशी नेऊन ओवाळलं.